कोल्लिडमच्या पलीकडचा समुद्र

तंजावरला जाणाऱ्या मराठी माणसाचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. बृहदीश्वराचं देऊळ, त्याच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसले घराण्याचा लांबलचक मराठी शिलालेख, सरस्वती महाल ग्रंथालय आणि राजवाडा. राजवाड्यात एका देवमाशाचा सांगाडा मांडून ठेवला आहे. तो तरंगंबाडीच्या किनाऱ्याला लागला होता. मुलं तिथं हटकून रेंगाळतात, आणि समुद्र इतका लांब असताना हा इथं कसा, असं विचारतात. प्रश्न चांगला आहे. पण तंजावरला सर्वांत जवळचा समुद्र पूर्वेला नाहीच. तो उत्तरेला आहे, आणि तो आटून सहा कोटी वर्षं उलटून गेली.

तिथं जायला दीड तास पुरतो. तंजावर सोडलं की तिरुवैयारूपर्यंत भाताची खाचरं आणि पाण्याचे पाट. पाच नद्यांचं हे गाव त्यागराजांचं म्हणून सगळ्यांना ठाऊक असतं. पुढे कावेरीची मोठी शाखा कोल्लिडम लागते. तिच्यावरचा पूल ओलांडून तिरुमानूर मागे टाकलं की जमीन बदलते. खाचरं विरळ होतात, माती लाल दिसू लागते, अध्येमध्ये काळी. मग चुनखडीनं भरलेले ट्रक भेटायला लागतात आणि रस्त्याकडेच्या बाभळींवर पांढरी धूळ दिसते. हा अरियलूर जिल्हा. सिमेंटचे कारखाने इथं एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आहेत.

या कारखान्यांच्या खाणीत उतरलं तर भिंतीतून शिंपले डोकावतात. एखाददुसरा नव्हे, काही थरांत दगड कमी आणि शिंपले जास्त. हाताच्या ओंजळीएवढे, जाडजूड, राखाडी-पिवळट.

भारताचा पूर्व किनारा हा मुळात किनारा नव्हता. ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका त्याला चिकटलेले होते. ते सुटू लागले तेव्हा कडेच्या जमिनीला भेगा पडून ती खचली, आणि तिथं पाणी शिरलं. आजच्या कावेरीच्या मुखाशी असलेला खळगा हा त्यांतलाच एक. ११ कोटी वर्षांपूर्वी समुद्र त्यात चांगला आत आला. त्यानंतर चार-साडेचार कोटी वर्षं तो पुढे-मागे होत राहिला आणि गाळ साठत गेला. तंजावर शहराच्या खाली हा गाळ आजही आहे, पण कावेरीनं वर टाकलेल्या नव्या मातीच्या पोटात, खूप खोल. तेलाच्या शोधात घेतलेल्या विहिरीच तिथवर पोचतात. जमिनीवर तो पुद्दुचेरी, वृद्धाचलम, अरियलूर, तंजावर आणि शिवगंगा अशा पाच ठिकाणी उघडा पडतो. त्यांत अरियलूरचा पट्टा सर्वांत मोठा. तंजावरच्या वाट्याला आलेले तुकडे फारच लहान, म्हणून पाहायचं ते कोल्लिडमपलीकडे जाऊनच.

इंग्रजांच्या नजरेला हे थर १८४०च्या सुमारास पडले. मद्रासचे मुलकी अधिकारी के आणि त्यांचे सहकारी कन्लिफ यांनी जीवाश्म गोळा करून लंडनला पाठवले, आणि एडवर्ड फोर्ब्स यांनी १८४६ साली त्यांचं वर्णन छापलं. तंजावरचे सर्फोजीराजे १८३२ सालीच वारले होते. शल्यचिकित्सेपासून वनस्पतींच्या चित्रांपर्यंत सगळ्यांत रस असलेल्या या राजाला आपल्या राजधानीपासून घोड्यावरून एका दिवसात पोचता येईल अशा जागी दगडात मुरलेला समुद्र आहे हे कळलं असतं, तर सरस्वती महालात एखादं दालन शिंपल्यांचं झालं असतं. दहा वर्षांनी हुकलं.

१८५७ ते १८६० या काळात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या हेन्री ब्लॅनफर्ड यांनी सगळा पट्टा पायी तुडवला. त्यांनी या खडकांचे तीन गट पाडले, तेच आजही चालतात. सर्वांत खालचा उत्तात्तूर, मधला तिरुचिरापल्ली, वरचा अरियलूर. मोघम हिशेबानं उत्तात्तूर ११ ते ९ कोटी वर्षांपूर्वीचा, तिरुचिरापल्ली साधारण ९ ते ८.४ कोटींचा, आणि अरियलूर त्यापुढे ६.६ कोटी वर्षांपर्यंतचा. हा सगळा काळ क्रिटेशस या एकाच नावाखाली येतो.

गोळा केलेले जीवाश्म कोलकात्यात आले आणि फर्डिनांड स्टोलिच्का या तरुण शास्त्रज्ञाच्या हाती पडले. हा मोरावियात जन्मलेला, १८६२ साली सर्वेक्षणात दाखल झालेला. त्यानं शंखांवर लिहिलं, अमोनाइट या चक्रीदार कवचाच्या लुप्त प्राण्यांवर लिहिलं, आणि १८७१ साली शिंपल्यांवरचा खंड पुरा केला. पाचशेहून जास्त पानं आणि पन्नास चित्रपत्रं. या खंडाचा आवाका पाहिला की थक्क व्हायला होतं. दक्षिण भारतातल्या जातींचं वर्णन करायचं तर त्यांची जगातल्या बाकीच्यांशी तुलना हवी, म्हणून या गृहस्थानं तोवर माहीत असलेल्या शिंपल्यांच्या झाडून सगळ्या प्रजातींचा, जिवंत आणि लुप्त, आढावा त्याच खंडात घालून टाकला. तीन वर्षांनी, १९ जून १८७४ रोजी, मध्य आशियाच्या मोहिमेवरून परतताना लडाखमध्ये विरळ हवेनं तो गेला. वय ३६. त्याची समाधी लेहमध्ये आहे. तिथं जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना या माणसाचं मुख्य काम तमिळनाडूतल्या कालवांवरचं होतं याची कल्पना असते.

आता खुद्द त्या कालवांकडे वळू. अरियलूर शहराला लागून कल्लनकुरिची नावाचं गाव आहे. तिथल्या चुनखडीचा एक थर ग्रिफिया या कालवांनी गच्च भरला आहे. (आजचे तज्ज्ञ त्यांतल्या बहुतेकांना पिक्नोडॉन्टे म्हणतात, खाणकामगारांना आणि जुन्या पुस्तकांना ग्रिफियाच पुरे आहे.) एक हातात घेऊन पाहावं. दोन शिंपांपैकी एक खोलगट, जड, वाटीसारखी आत वळलेली. दुसरी सपाट, पातळ, तिच्यावर झाकणासारखी बसणारी. खोलगट शिंपेच्या टोकाशी, जिथून वाढ सुरू झाली तिथं, नखाएवढा किंवा त्याहून लहान सपाट डाग असतो. बालपणी हे कालव एखाद्या वाळूच्या कणाला किंवा शिंपेच्या तुकड्याला चिकटलं होतं, त्याची ती खूण. आपल्या कोकणातलं कालव खडकाला जन्मभर चिकटून राहतं, कोयतीनं खरवडल्याशिवाय सुटत नाही. ग्रिफियाच्या समुद्रात खडकच नव्हता, तळाला नुसता मऊ गाळ. मग चिकटायला मिळालेला तो कण लवकरच अपुरा पडे, आणि कालव मोकळं होऊन गाळावर पडून राही. वाटीचा आकार आणि वजन यामुळे ते उलटत नसे, आणि वाटीची कड गाळाच्या वर राहत असे. शिंपेच्या आत एकच मोठा गोल वण दिसतो. दोन शिंपा घट्ट मिटणारा स्नायू तिथं धरलेला होता. बाहेरून अनेकांवर बारीक बारीक भोकं दिसतात. ती स्पंजांनी आणि किड्यांनी पोखरलेली. कालव मेल्यावरही त्याचं घर रिकामं राहिलं नाही.

इतकी कालवं टिकली आणि त्यांच्या शेजारचे इतर शिंपले मात्र अनेकदा नुसत्या ठशाच्या रूपात उरले, याला कारण रसायनाचं आहे. कालवांची शिंप कॅल्साइटची असते. बऱ्याच इतर शिंपल्यांची ॲरॅगोनाइटची. दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटच, पण अणूंची मांडणी निराळी, आणि ॲरॅगोनाइट पाण्यात लवकर विरघळतो. म्हणजे खाणीत दिसणारी गर्दी ही त्या समुद्राची खरी खानेसुमारी नव्हे. जगाच्या पाठीवर कुठेही शिंपल्यांच्या जीवाश्मांवर बोलताना ही खबरदारी घ्यावी लागते.

शिंपल्यांच्या कुळाची सुरुवात फार मागे जाते. सर्वांत जुने दोन शिंपांचे प्राणी, फोर्डिला आणि पोजेटाया, कँब्रियन काळाच्या पूर्वार्धातले, ५२ कोटी वर्षांपूर्वीचे. काही मिलिमीटरचे जीव. मृदुकाय प्राण्यांत शंखवाले आणि माखलीवाले डोकं वाढवत गेले. शिंपल्यांनी डोकं सोडूनच दिलं. जीभ नाही, दात नाहीत, डोकं नाही. कल्ल्यांतून पाणी घ्यायचं, त्यातलं खाद्य गाळायचं, बाकीचं सोडायचं. आळशीपणाचा हा परमावधी, पण त्यावर हे कुळ पन्नास कोटी वर्षं तरलं.

पहिली २५ कोटी वर्षं मात्र त्यांची फारशी चलती नव्हती. समुद्राच्या तळावर तेव्हा ब्रॅकिओपॉडांचं राज्य होतं. दिसायला तेही दोन शिंपांचेच, पण आतून अगदी वेगळ्या घराण्यातले. २५.२ कोटी वर्षांपूर्वी पर्मियन युगाच्या अखेरीस जो महासंहार झाला त्यात ब्रॅकिओपॉड कोलमडले आणि शिंपले सावरले. शिंपल्यांनी ब्रॅकिओपॉडांना हळूहळू हुसकावलं, असं पूर्वी सर्रास लिहिलं जाई. स्टीफन जे गूल्ड आणि ब्रॅडफर्ड कॅलोवे यांनी १९८० साली आकडे मांडून दाखवलं की तसं हुसकावणं झालेलंच नाही. दोन्ही कुळं आपापल्या वाटेनं चालली होती, संहारानं एकाला जास्त मारलं, इतकंच. मला हा निष्कर्ष पटतो. उत्क्रांतीच्या गोष्टींत कुस्तीचे फड रंगवायची आपल्याला फार हौस असते.

पण नुसतं वाचणं म्हणजे भरभराट नव्हे. भरभराटीमागे शरीरातला एक बदल होता. तो पाहायचा तर बाजारातून आणलेल्या तिसऱ्या तासभर पाण्यात ठेवाव्यात. थोड्या वेळानं शिंप किंचित उघडते आणि दोन नळ्या बाहेर येतात, एक पाणी आत घेणारी, दुसरी बाहेर टाकणारी. शिंपेच्या आतून शरीराला लपेटणारा जो पडदा असतो, त्याच्या कडा जुळून या नळ्या तयार झाल्या. स्टीव्हन स्टॅन्ली यांनी १९६८ साली हा मुद्दा लावून धरला की या एका जोडणीमुळे शिंपल्यांना वाळूत खोल गाडून घेऊन वरच्या पाण्याशी संबंध ठेवता आला. वर खेकडे आणि मासे फिरत असोत, खाली निवांत जेवण चालू.

खोल जाण्याची निकड कशी वाढली, याचं उत्तर खीरात व्हर्माय यांनी १९७७ साली दिलं. तिसऱ्या वर्षी दृष्टी गेलेला हा शास्त्रज्ञ शिंपले बोटांनी वाचतो: कुठे भोक पाडलं आहे, कुठे कड तोडली आहे, कुठे तुटलेली कड पुन्हा भरून आली आहे. त्याचं म्हणणं असं की डायनोसॉरांच्या काळात समुद्रातले शिकारी एकदम तयार झाले. शिंप फोडणारे खेकडे, भोक पाडणारे शंख, दगडी जबड्यांचे मासे. त्यांच्या धाकानं शिंपले जाड झाले, काटेरी झाले, गाळात खोल गेले किंवा चपळ झाले. जे यांतलं काहीच करू शकले नाहीत ते उघड्यावर कमी कमी होत गेले.

तिरुचिरापल्ली गटातला गरुडमंगलमचा दगड पाहिला की ही सगळी स्पर्धा एका लादीत दिसते. करड्या रंगाची, गच्च शिंपल्यांची ही चुनखडी कापून घासली की आरशासारखी चकाकते. करड्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या चंद्रकोरी, वेलांट्या, गोल वळणं उमटतात. चंद्रकोरी शिंपल्यांच्या, वळणं शंखांची. इंग्रजांनी तिला ‘त्रिचनापल्ली मार्बल’ असं नाव दिलं. ती संगमरवर नाही, पण मेजाचे पृष्ठभाग आणि कागदावर ठेवायची वजनं यांसाठी तिला गिऱ्हाईक होतं. किनाऱ्याजवळच्या खळाळत्या पाण्यात शिंपले लोटले जाऊन तिचे थर बनले. त्याच परिसरात सातनूर इथं १८ मीटर लांबीचा दगड झालेला वृक्ष आडवा पडला आहे. नदीनं जमिनीवरून वाहून आणून समुद्रात टाकलेला हा ओंडका १९४० साली एम. एस. कृष्णन यांनी नोंदवला.

या दगडांत तिसऱ्यांचे सगेसोयरे आहेत, नळीवाले. त्यांच्या बरोबरीनं आहे ट्रायगोनिया. नावाप्रमाणे तिकोनी, जाड शिंप, तिच्यावर गाठी-गाठींच्या रांगा, आणि बिजागरीत खाचा असलेले मोठे दात, ज्यामुळे दोन शिंपा एकमेकींत अशा अडकत की बाजूला सरकू नयेत. तिला नळ्या नव्हत्या, त्यामुळे खोल जाता येत नसे. तिचा भरवसा पायावर होता. पाय दांडगा; झटकन गाळात रुतायचं, उघडं पडलं तर पुन्हा रुतायचं. ज्युरासिक आणि क्रिटेशस काळात ट्रायगोनियाचं घराणं जगभर होतं. कच्छमधली ट्रायगोनिया स्मीआय ही जात टांझानियातल्या तेंडागुरूलाही सापडते, तिथल्या डायनोसॉरांच्या थरांच्या शेजारी, आणि तिथल्या एका थराला पूर्वी तिचंच नाव दिलेलं होतं. कच्छ आणि तेंडागुरू यांच्यात आज अरबी समुद्र पसरला आहे.

इथं साधा प्रश्न उभा राहतो. जो प्राणी जन्मात एका जागेवरून फार तर काही हात सरकतो, तो जग कसा फिरला?

उत्तर त्याच्या बालपणात आहे. बहुतेक सागरी शिंपले अंडी आणि शुक्र थेट पाण्यात सोडतात. त्यातून निघालेलं पिल्लू, म्हणजे डिंभ, डोळ्यांना दिसत नाही इतकं लहान असतं. बारीक केसांच्या झालरीनं ते पोहतं खरं, पण प्रत्यक्षात प्रवाह नेईल तिकडे जातं. काही जाती अंड्यात भरपूर बलक ठेवतात; त्यांची पिल्लं लवकर तळाशी बसतात, म्हणून आईच्या आसपासच राहतात. काही बलक कमी देतात; ती पिल्लं पाण्यातले सूक्ष्म जीव खात कित्येक आठवडे तरंगतात. तेवढ्या वेळात एखादा समुद्र ओलांडून होतो. हे सगळं जीवाश्मातही वाचता येतं, कारण डिंभाची पहिली इवलीशी शिंप मोठ्या शिंपेच्या शेंड्यावर तशीच राहते. शेंडा झिजला नसेल तर सूक्ष्मदर्शकाखाली ती दिसते. मोठी असेल तर बलक जास्त होता, प्रवास आखूड. लहान असेल तर लांबचा पल्ला. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या कुणा पिल्लाची प्रवासाची क्षमता आज मोजता येते, ही मला जीवाश्मशास्त्रातली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते.

प्रवासाला पाणी सलग हवं. मध्ये जमीन आली की शिंपला अडतो. म्हणूनच कुठल्या दोन ठिकाणचे शिंपले सारखे आणि कुठले वेगळे, हे पाहून जुन्या समुद्रांचा नकाशा काढता येतो. अरियलूरच्या शिंपल्यांनी हा नकाशा काढायला फार लवकर भाग पाडलं, आणि त्यात दोन सख्खे भाऊ गुंतले होते.

हेन्री ब्लॅनफर्ड दक्षिणेत होते. त्यांचे भाऊ विल्यम ब्लॅनफर्ड नर्मदेच्या आणि तापीच्या खोऱ्यात. त्यांचा वृत्तांत १८६९ साली निघाला. नर्मदेच्या खोऱ्यात, धारच्या पवारांच्या मुलखाशेजारी, बाघ नावाचं गाव आहे. लेण्यांसाठी आणि छापील कापडासाठी ते आपल्याला माहीत आहे. तिथंही समुद्री चुनखडी आहे, शिंपले आहेत, आणि काळ साधारण तिरुचिरापल्लीचाच. दोन ठिकाणांत सरळ रेषेत सुमारे तेराशे किलोमीटर. तरी त्या काळच्या याद्या समोरासमोर ठेवल्या तर सामाईक जाती अगदी मोजक्या निघत. बाघचे जीवाश्म अरबस्तान आणि युरोपाकडचे वाटत. अरियलूरचे मात्र दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या पोंडोलँडशी आणि मादागास्करशी नातं सांगत. शेजारचा परका आणि सातासमुद्रापारचा सोयरा.

याचा अर्थ काय लावायचा? बाघचा समुद्र पश्चिमेकडून नर्मदेच्या खोऱ्यात घुसलेला टेथिस या लुप्त महासागराचा फाटा, आणि कावेरीचा समुद्र दक्षिण गोलार्धातला. दोहोंच्या मध्ये द्वीपकल्पाची जमीन. इथवर सरळ आहे. पण आफ्रिकेशी असलेल्या साम्यासाठी हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८७५ साली आणखी पुढची पायरी घेतली. भारत आणि आफ्रिका यांना जोडणारी जमीन होती आणि ती नंतर हिंदी महासागरात बुडाली, असं त्यांनी मांडलं. या मांडणीत खडकांतल्या वनस्पतींचा पुरावा जास्त होता, शिंपल्यांचा आधाराला. (हेच हेन्री पुढे हिंदुस्थान सरकारचे पहिले हवामान अधिकारी झाले, आणि हिमालयातल्या बर्फावरून मान्सूनचा अंदाज बांधण्याची कल्पना त्यांची.) बुडालेली जमीन पुढे कुणाला सापडली नाही. १९१२ साली वेगेनर यांनी खंडंच सरकतात असं म्हटलं, त्यावर पन्नास वर्षं टवाळी झाली, आणि मग सागरतळाच्या मोजमापांनी ते खरं ठरवलं. मादागास्कर भारतापासून सुटलं ते सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे तिरुचिरापल्ली गटाचे शिंपले गाळात रुतत होते त्या सुमारास मादागास्करचा किनारा शेजारीच होता, आणि सगळा भारत आजच्यापेक्षा खूप दक्षिणेला, विषुववृत्ताच्या पलीकडे होता. ब्लॅनफर्डांचं निदान चुकलं, पण लक्षणं त्यांनी नेमकी टिपली होती. पुढच्या शतकात बाघ आणि अरियलूर यांच्यातलं अंतर थोडं कमी झालं, नव्या ओळखींमुळे काही सामाईक नावं वाढली. मूळ चित्र मात्र पुसलं गेलं नाही.

सर्वांत लांब हात मारला तो इनोसेरॅमसनं. चपट्या, लाटा-लाटांच्या शिंपांचं हे कुळ क्रिटेशस समुद्रांत सगळीकडे आहे, आणि त्याच्या जाती झपाट्यानं बदलत गेल्या. पसारा मोठा आणि एकेका जातीचं आयुष्य थोडं, हे कालमापनाला सोन्यासारखं. अरियलूरचा एखादा थर युरोपातल्या किंवा जपानमधल्या कुठल्या थराच्या वयाचा, हे ठरवायला इनोसेरॅमस कामी येतो. अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये त्याचे भाईबंद तीन मीटरपर्यंत वाढले. कल्लनकुरिचीतही तो आहे, बहुधा तुकड्यांत, कारण त्याची शिंप उभ्या सुयांसारख्या स्फटिकांची असते आणि सहज सुटी होते. क्रिटेशस काळ संपण्याच्या वीसेक लाख वर्षं आधीच हे कुळ जवळजवळ नाहीसं झालं. त्याच्या मरणाचं खापर क्रिटेशस संपवणाऱ्या उल्केवर फोडता येत नाही.

उल्का पडली ६.६ कोटी वर्षांपूर्वी. त्याच सुमारास आपल्या महाराष्ट्रात लाव्हा वाहत होता. सह्याद्रीचे कडे ज्या थरांचे बनले आहेत ते तेव्हा साचले, आणि त्या लाव्हाचे काही प्रवाह थेट आंध्रात राजमहेंद्रीजवळ, समुद्री जीवाश्मांच्या थरांच्या सोबत सापडतात. दख्खनचा काळा पत्थर आणि पूर्व किनाऱ्याचे शिंपले तिथं एकमेकांना शिवतात. अरियलूरमध्ये या सुमाराला समुद्र मागे हटला होता. कल्लमेडूच्या थरांत डायनोसॉरांची हाडं मिळाली आहेत. नंतर थोड्या काळासाठी समुद्र परत आला. त्याच्या गाळाला निनियूरचं नाव आहे, आणि त्यात अमोनाइट नाहीत.

शिंपल्यांचं काय झालं? डेव्हिड जॅब्लॉन्स्की आणि डेव्हिड रॉप यांनी १९९०च्या दशकात जगभरच्या नोंदी एकत्र करून हिशेब मांडला. शिंपल्यांच्या निम्म्याहून अधिक प्रजाती गेल्या. प्रवाळांसारखे भराव रचणारे रुडिस्ट बाजूला काढले, तर उष्ण कटिबंधातले जास्त मेले आणि थंडीतले वाचले असं काही दिसत नाही. खोल गाडून घेणारे आणि उघड्यावर राहणारे यांच्यातही मोठा भेद नाही. एकच गोष्ट उपयोगी पडलेली दिसते: ज्या प्रजाती अनेक समुद्रांत पसरल्या होत्या त्या जास्त वाचल्या. पाच कोटी वर्षं शिकाऱ्यांशी झुंजून कमावलेली जाड शिंप, नळ्या, काटे, त्या दिवशी कशालाही भाव मिळाला नाही. पसारा मात्र कामाला आला. उत्क्रांती म्हणजे सतत सरस होत जाणं, असा आपला समज असतो. शिंपल्यांचा इतिहास त्याला फारशी साथ देत नाही.

ट्रायगोनियाचा पसारा जगभर असूनही तिचं घराणं जवळपास बुडालं. जवळपास, कारण एक फांदी ऑस्ट्रेलियाच्या बाजूला उरली. युरोपातल्या पंडितांना ट्रायगोनिया फक्त दगडात माहीत होती. मग फ्रेंच मोहिमेवरच्या पेराँ यांना १८०२ साली टास्मानियाच्या किनाऱ्यावर ताजी शिंप मिळाली, आणि १८०४ साली लामार्क यांनी तिचं वर्णन केलं. आज तिला निओट्रायगोनिया म्हणतात. नळ्या अजून नाहीत, पाय अजून दांडगा, इतका की ती चक्क उडी मारते. ऑस्ट्रेलियाच्या आसपासच्या पाण्याबाहेर ती कुठेही राहत नाही. तिसऱ्यांचे नातलग मात्र जगातल्या बहुतेक सगळ्या वाळूच्या किनाऱ्यांवर आहेत.

आता शेवटी सिमेंट. डालमियापुरमला १९३९ साली कारखाना निघाला. (त्या गावाचं नाव पुन्हा कल्लकुडी करा म्हणून १९५३ साली करुणानिधी रुळांवर आडवे झाले होते, तमिळ राजकारणातला तो गाजलेला प्रसंग.) नंतर अरियलूरभोवती एकामागून एक कारखाने आले. त्यांचा कच्चा माल म्हणजे हीच चुनखडी, म्हणजे हीच कालवं. तंजावर-तिरुचिरापल्लीतल्या किती घरांच्या भिंतींत सात कोटी वर्षांपूर्वीची ग्रिफिया भाजून घातली आहे याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. खाणी बंद करा असं मी म्हणणार नाही. एक तर ते होणार नाही, आणि दुसरं म्हणजे खाणींच्या उभ्या भिंती नसत्या तर थरांवर थर कसे बसले हे कुणाला दिसलंही नसतं. सपाट माळरान आहे ते, डोंगर नाही. तक्रार वेगळी आहे. खाण पुढे सरकते तेव्हा जुना छेद कुणी नोंदवून ठेवत नाही, आणि सोडून दिलेल्या खाणीत पाणी भरलं की तो कायमचा जातो. एखादी भिंत राखून ठेवायला कारखान्याला फारसा खर्च येऊ नये.

लोकांना उत्सुकता नाही असंही नव्हे. २०२०च्या ऑक्टोबरात पेरंबलूर जिल्ह्यात कुन्नमजवळ मोठाले गोल दगड निघाले, आणि डायनोसॉरची अंडी सापडली म्हणून फोटो देशभर फिरले. जाणकारांनी पाहिलं तर ते अमोनाइटभोवती घट्ट झालेले गाळाचे गोळे होते. बातमी तिथं संपली. वास्तविक तिथून सुरू व्हायला हवी होती, कारण डायनोसॉरची अंडी गुजरातेत आणि मध्य प्रदेशात पुष्कळ आहेत; ११ कोटी ते ६ कोटी वर्षांचा समुद्र असा सलग मात्र देशात फार थोड्या ठिकाणी वाचायला मिळतो.

अरियलूरजवळ वारणवासी इथं जीवाश्मांचं संग्रहालय आहे. तंजावरच्या मुक्कामात एक सकाळ काढून तिथं जावं, आणि वाटेत कुठे शिंपला दिसलाच तर वाकून नीट पाहावा, फोटो काढावा आणि तिथंच ठेवावा. थरातून उचललेला शिंपला घरच्या काचेच्या कपाटात फक्त एक दगड असतो. त्याचं वय, त्याचा समुद्र आणि त्याचे शेजारी हे सगळं मागे राहिलेल्या थरात असतं.